विस्तव राखायचा हिवाळा

तुम्ही राहता त्या घराला श्वास घेता येतो का? दारं-खिडक्या लावून घेतल्यावर हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते, हे तुम्हाला उठून बोट दाखवून सांगता येईल? मला तरी वयाची पंचविशी उलटेपर्यंत हा प्रश्न पडला नव्हता. बोलण्याच्या स्वातंत्र्यावरची पत्रकं मी शाळेत असल्यापासून चौकात उभी राहून वाटत आले. पण ज्या हवेवर ते बोलणं चालतं, ती हवा मी कायम गृहीत धरली होती.

काल संध्याकाळी दोहातल्या वेस्ट बेमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक कुटुंब शिरलं. वाळवंटातला तंबू उठवून आलेलं. गुंडाळलेला गालिचा, किटली, झोपेला आलेली दोन पोरं, आणि सगळ्यांच्या कपड्यांना धुराचा वास. तो वास मी डोळे मिटून ओळखते. समरचं लाकूड, बाभळीच्या गोतातलं, जड, गाठींचं. माझा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, आणि मी तशीच त्या लोकांबरोबर वर गेले. पोरांची आई माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं असेल, ही बाई लिफ्टमध्ये उभ्याउभ्या झोपलीय.

मी झोपले नव्हते. मी दुखानला गेले होते.

कतारमध्ये थंडी पडते यावर आपल्याकडे कोणाचा विश्वास बसत नाही. त्या हिवाळ्यात मी मिरजेला आईला फोनवर सांगितलं की मी दोन स्वेटर घालून बसलेय, तर ती म्हणाली, "मग एसी कमी कर की." पण ही थंडी असते. डिसेंबर लागला की वायव्येकडून शमाल वारा सुटतो, समुद्राची ओल घेऊन येतो, आणि घरातल्या फरशीतून ती ओल पायांत चढते. इथली घरं उन्हाशी भांडायला बांधलेली. थंडीशी कसं वागायचं हे त्यांना माहीतच नाही. बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा, असं मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

दुखान म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं तेलाचं गाव. मी ज्या कंत्राटदाराकडे कागदपत्रांचं काम करत होते, त्याने मला एका हिवाळ्यापुरतं तिथल्या साइटवर पाठवलं. राहायची सोय होईना. तेव्हा वसाहतीतल्या दवाखान्यात नर्स असलेल्या लीना आंटींनी मला आपल्या घरी घेतलं. त्या आणि त्यांचे यजमान इनास अंकल, दोघं वसईचे. मुलगी लग्न होऊन कॅनडात. घर मोठं, जुनं, आणि दिवाणखान्याच्या भिंतीत फायरप्लेस.

कधी काळी कोणा साहेबाने हौसेने बांधून घेतलेली ती विटांची कोनाड्यासारखी जागा. नंतर कोणीतरी तिच्यात जाड बिडाची एक पेटी बसवलेली. पुढे काचेचं दार, खाली हवेसाठी एक दांडी, वर धुराची वाट उघडझाक करणारी झडप, आणि पेटीच्या डोक्यातून निघून धुराड्यातून थेट छपरावर गेलेला स्टीलचा नळ. उघड्या फायरप्लेसमध्ये निम्मी ऊब धुराबरोबर आकाशात जाते. या पेटीत ती कोंडून, तापवून, खोलीत वळवली जाते.

"काका, हे चालतं का?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"आधी ते काका बंद कर," ते म्हणाले. "अंकल म्हण. काका म्हटलं की मला डोक्यावर टोपी बसल्यासारखं वाटतं."

चालत होतं, आणि कसं चालतं हे दाखवताना त्यांचा चेहरा बदलायचा. ते गुडघ्यावर बसायचे. आधी खिडकी चार बोटं उघडायची. मग वर्तमानपत्राची सुरळी पेटवून ती पेटीच्या आत, अगदी वर, नळाच्या तोंडाशी धरायची. नळात थंड हवा बुचासारखी बसलेली असते, ती हलेपर्यंत सुरळीचा धूर आपल्याच तोंडावर येतो. आणि मग एका क्षणी बूच निघतं. खालून वर एक खोल, लांब ओढ लागते. ज्वाला आडवी होते आणि वर ओढली जाते. त्या ओढीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातावर काटा आला. बाहेर छपरावर, शमालच्या वाऱ्यात, कोणीतरी मोठ्याने श्वास आत घेतला होता.

"ओढतंय," अंकल हळूच म्हणायचे. देवळात बोलावं तसं.

लाकडं रचायची पद्धत मला उलटी वाटली. जाड ओंडके तळाला, त्यावर बारीक फाटी, सगळ्यात वर काटक्या, आणि काडी लावायची ती वरच्या काटक्यांना.

"वरून पेटवायचं?"

"मेणबत्ती काय तू खालून पेटवतेस?"

मी वरच्या काटक्यांना काडी लावली. आग सावकाश खाली उतरत गेली. तिला घाई नव्हती. प्रत्येक ओंडक्याची ओळख करून घेत ती खाली येत होती. ओंडके चांगले धरले की मग अंकल खिडकी लावून घ्यायचे आणि हवेची दांडी थोडी आत सरकवायचे, आणि मग जे व्हायचं त्यासाठी मी ऑफिसातून धावत घरी यायचे. ज्वाला लाकडाला सोडून द्यायच्या. त्या पेटीच्या छताशी, काचेच्या आत, अधांतरी तरंगायच्या, निळसर कडांच्या, एखाद्या पाणवनस्पतीसारख्या सावकाश हलणाऱ्या. लाकूड खाली नुसतं लाल आणि शांत. लाकडातून निघालेला धूरच वर पेटत होता. झाडाने आयुष्यभर उन्हातून आणि हवेतून जे गोळा केलं, ते परत ऊन आणि हवा होऊन चाललं होतं, आणि मी सतरंजीवर पाय पोटाशी घेऊन ते बघत होते. हे सगळं शाळेत सूत्र म्हणून पाठ केलं होतं. सूत्र इतकं सुंदर असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

साइटवर माल ज्यांवर लादून येतो त्या लाकडी फळ्यांचे ढीग पडलेले असायचे. मी एकदा म्हटलं, तेच आणू की, फुकट आहेत. अंकलनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ताटात खिळे वाढायला सांगितले. रंगवलेलं, चिकटवलेलं, औषध मारलेलं लाकूड या तोंडात घालायचं नाही. त्याचं विष नळाला लागतं आणि आपल्यालाही. लाकूड घ्यायचं ते वाळलेलंच. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या. ठण्ण वाजलं तर घ्या. थप्प वाजलं तर ते अजून ओलं आहे, त्याला उन्हात पाठवा.

आणि स्वयंपाकघराशी भांडण ठरलेलं. एका संध्याकाळी लीना आंटींनी बोंबील तळायला घेतले आणि धुराचा पंखा मोठ्यावर लावला. दोन मिनिटांत दिवाणखान्यात फायरप्लेसमधून धूर उलटा येऊ लागला.

"लीना! पंखा बंद कर! तू माझा धूर खाली ओढतेयस!"

"मग तुझ्या धुराला सांग, माझ्या बोंबलांना वाट दे म्हणून!"

"अगं, हवा यायला जागाच नाही घरात!"

"जागा कोणी बुजवली? तूच ना?"

बुजवली होती त्यांनीच. उन्हाळ्यातली वाळू आत येऊ नये म्हणून प्रत्येक दाराखिडकीच्या कडेला अंकलनी स्वतःच्या हाताने रबराच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. इतक्या नेटक्या की बाहेर वादळ सुरू असताना आतल्या मेणबत्तीची ज्योत हलायची नाही. त्यांना त्याचा अभिमान होता. मलाही ते घर एखाद्या डब्यासारखं सुरक्षित वाटायचं.

अंकलचं काम तेलक्षेत्रावर गॅस मोजण्याचं. त्यांनी यंत्र लावून पाहून 'हो' म्हटल्याशिवाय तिथे कोणी साधा वेल्डिंगचा दिवा पेटवू शकत नसे. दोहाहून दुखानला गाडीने येताना क्षितिजावर जळणारा तो गॅसचा झोत दिसतो ना, तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गाडी थांबवायला लावली होती. जमिनीच्या पोटातली आग, उभी, रात्रंदिवस. अंकल म्हणाले होते, "ती कामाची आग. तिच्याकडे पाठ करायची नाही. घरची आग वेगळी असते, बाय."

घरच्या आगीबद्दल त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं: वसईला त्यांच्या आईचा एक नेम होता. नाताळच्या आधी आगमनकाळ सुरू होतो, त्याच्या पहिल्या रविवारी पेटवलेली चूल सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत विझू द्यायची नाही. झोपायच्या वेळी निखारे एका बाजूला ओढून त्यांवर राख पांघरायची. सकाळी राख बाजूला केली की खाली विस्तव जागा. शेजारणी खापरीत निखारे घेऊन जायच्या आणि त्यांच्या चुली पेटायच्या. आई त्या वर्षी पावसाळ्यात वारली होती. वसईचं घर बंद होतं. नेम पाळायला आता कोणी उरलं नव्हतं. आणि अंकल वसंतात निवृत्त होणार होते. दुखानच्या त्या घरातला तो त्यांचा शेवटचा हिवाळा होता.

"आईची चूल या वर्षी इथे राहील," ते म्हणाले होते. "तीन राजांपर्यंत. मग बघू."

म्हणून रोज झोपण्याआधी ते पेटीचं दार उघडायचे, निखारे मागच्या कोपऱ्यात गोळा करायचे, वर राखेचा थर द्यायचे. हवेची दांडी पूर्ण आत. वरची झडप जवळजवळ बंद, ऊब पळून जाऊ नये म्हणून. झोपायच्या खोल्यांची दारं उघडी, म्हणजे ती ऊब आमच्यापर्यंत यावी. सकाळी मी चहा करायला उठायचे तेव्हा ते गुडघ्यावर बसलेले असायचे. सळईने राख बाजूला करायचे. राखाडी, मेलेलं, थंड काहीतरी. आणि त्याच्या खाली तो लाल. एखाद्या प्राण्याने डोळा उघडावा तसा. अंकल फुंकर घालायचे आणि तो लाल पसरायचा. एवढ्या नाजूक गोष्टीला एवढी रात्र कशी पार करता येते, याचं मला रोज नवल वाटे. मी देवाधर्मातली नाही, पण त्या वेळी मी त्या खोलीत बोलत नसे.

डिसेंबर सरत आला. क्रिब, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडला गेला, वाळू साक्षात बाहेरचीच होती. आणि एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो, तिघांचेही हात कपाळाला. लीना आंटींनी चहाचा कप खाली ठेवला.

"मुक्ता, तुझं डोकं कधी दुखतं?"

"सकाळी."

"ऑफिसात?"

"तिथे पोचेपर्यंत थांबतं."

"माझं दवाखान्यात गेल्यावर थांबतं. इनास, तुझं?"

"फील्डवर," अंकल म्हणाले. "मोकळ्या वाऱ्यात बरं वाटतं."

"तीन डोकी, तीन वयं, एकच दुखणं. म्हणजे ते आपल्या डोक्यात नाही. घरात आहे." आणि त्यांनी मान वळवून फायरप्लेसकडे पाहिलं.

अंकलना समजायला क्षणभर लागला. मग ते असे उखडले की कप हलले. "आयुष्यभर मी गॅस मोजतोय, लीना! मला शिकवतेस?"

"मग घरातला मोज."

"घरात गॅस नाही. लाकूड आहे. धूर असता तर डोळ्यांना झोंबला असता, नाकाला कळला असता."

"जो नाकाला कळत नाही तोच मारतो, हे फील्डवर पोरांना कोण सांगतं? तूच ना?" आंटींचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "राखेखाली गुदमरलेला निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. वर झडप बंद, नळ थंड, ओढ नाही. मग तो जाणार कुठे? आपल्या रक्तात शिरून ऑक्सिजनच्या जागी बसतो. आज डोकं दुखतंय. एखाद्या दिवशी दुखायला कोणी उठणारच नाही."

"माझ्या आईने—"

"तुझी आई विस्तव राखायची ती माणसांसाठी, इनास. तू माणसं राखेत घालून विस्तव राखतोयस."

मी तोंड उघडलं.

"हे बघ, बाय," अंकलनी हात वर केला, "तुझं पत्रक नको."

"पत्रक नाही देत. प्रयोग करू या. यंत्र आणू, तुम्ही रोज करता तसंच सगळं करू, आणि बघू. काही निघालं नाही तर मी या विषयावर पुन्हा बोलणार नाही."

"तू? बोलणार नाहीस?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "यल्ला, चला. एवढ्यासाठी तरी करू."

आम्ही दोहाला जाऊन घरात लावायचं मोनॉक्साइडचं गजर यंत्र घेऊन आलो. दुपारी आंटींनी त्याचं बटण दाबून ते वाजतं ना ते तपासलं आणि दिवाणखान्यातल्या खुर्चीवर ठेवलं. अंकलनी निखारे मागे ओढले, राख पांघरली, दांडी आत सारली, झडप फिरवली. रोजच्यापेक्षा जास्त काळजीने. त्यांना जिंकायचं होतं. मग आम्ही बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात खुर्च्या टाकून खिडकीच्या काचेतून आपल्याच घरात बघत बसलो.

ती दुपार मी कधी विसरेन असं वाटत नाही. आत सगळं किती छान दिसत होतं. सोफ्यावर आंटींचं विणकाम. क्रिबवरची चांदणी. भिंतीवर अंकलच्या आईचा फोटो. काचेमागे राखेची उशी आणि तिच्या एका फटीतून दिसणारा लाल ठिपका. काही हलत नव्हतं. धुराची एक रेघ नाही. उन्हाचा पट्टा फरशीवरून भिंतीकडे सरकत होता, आणि त्या पट्ट्यात धुळीचे कणसुद्धा शांत होते. मी पापणी न हलवता बघत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती खोली भरत चालली होती, कशाने ते दिसत नव्हतं.

"पाहिलंत?" अंकल म्हणाले. "काही नाही. उगाच—"

गजर वाजला.

तो आवाज बंद काचेतूनही कानाला लागला. ऊन अजून भिंतीवरच होतं. आंटींनी आम्हा दोघांनाही दंडाला धरून मागे ओढलं. मग बाहेरूनच दिवाणखान्याचं दार सताड उघडलं, घराला वळसा घालून स्वयंपाकघराचं दार उघडलं, आणि वारा त्या घरातून आरपार जाऊ लागला. यंत्र ओरडत राहिलं. क्रिबवरची चांदणी गरागरा फिरू लागली. बराच वेळ त्यांनी कोणालाच आत जाऊ दिलं नाही.

अंकल पायरीवर बसले होते. त्यांचा रंग उतरला होता. ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "आईच्या चुलीवर कौलं होती. पावसात गळायची. आम्ही शिव्या द्यायचो. कुडाच्या भिंती, त्यातून बाहेरचा उजेड दिसायचा. धूर घरभर हिंडून आरामात वर निघून जायचा." त्यांनी दाराच्या कडेला हात फिरवला. रबराची पट्टी. "आणि मी इथे सगळं बुजवलं."

तेव्हा मला ते लख्ख कळलं. परदेशी येताना आपण आईचा मसाला आणतो, पाटा आणतो, नेम आणतो. ते घर मात्र आपल्याला आणता येत नाही, ज्याच्या छपराच्या फटींमुळे तो नेम सुरक्षित होता. नेम चुकीचा नव्हता. अंकलच्या आईने त्या फटी कधी मोजल्या नव्हत्या, म्हणून मुलाला सांगितल्या नव्हत्या. आपल्या किती चालीरीती अशा फटींवर उभ्या असतील! आणि आपण घरं बदलतो, काचा बसवतो, एसी लावतो, आणि वर अभिमानाने सांगतो की आमच्याकडे अजून सगळं पूर्वीसारखंच करतात. या अभिमानाचा मला राग येतो. त्या पायरीवर बसलेल्या माणसाचा आला नाही.

तीन राजांचा सण अजून पुढे होता. अंकल उठले. लोखंडी फावडं आणि झाकणाची पत्र्याची बादली घेऊन आत गेले. निखारे एकेक करून बादलीत आले. त्यांनी बादली अंगणात वाळूवर नेली, भिंतीपासून आणि लाकडांपासून लांब, आणि झाकण घट्ट बसवलं. राख निवली असं वाटलं तरी आत विस्तव बराच काळ जिवंत राहतो, म्हणून ती कधी कचऱ्याच्या पिशवीत टाकायची नाही, असं मला सांगत सांगत त्यांनी हे सगळं केलं. मग सांगायचं संपलं. ते झाकणावर तळहात ठेवून वाकून उभे राहिले. झाकण गरम असणार. आंटी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"खलास," अंकल म्हणाले. हात काढून घेतला.

पुढच्या दिवसांत पेटी थंड पडली तशी आम्ही ती उघडली. दोहाहून धुराडी साफ करणारा माणूस बोलावला. त्याने नळातून ब्रश फिरवला तेव्हा चमकदार काळे पापुद्रे पडले, डांबरासारखे. गुदमरत जळलेल्या प्रत्येक रात्रीचा तो थर, आणि तो पेटला असता तर नळातच वणवा लागला असता. छपरावरची जाळी काजळीने निम्मी बंद. पेटीच्या काचेच्या दाराच्या कडेची दोरीसारखी पट्टी चपटी झालेली. दारात कागद अडकवून ओढला तर अलगद सुटून येत होता. अंकलनी नवी पट्टी बसवली, यावेळी जिथे ती असायला हवी तिथे. मी ओल्या कागदाला राख लावून काच पुसली. राखेनेच काजळी जाते, याचंही मला नवल वाटलं. आणि दाराखिडक्यांच्या काही रबरी पट्ट्या त्यांनी ओढून काढल्या. आंटी म्हणाल्या, "वाळू येईल." ते म्हणाले, "येऊ दे. झाडू आहे."

तीन राजांच्या सणाच्या संध्याकाळी त्यांनी आग पेटवली. खिडकी चार बोटं उघडी, झडप पूर्ण उघडी, सुरळी वर धरलेली. आणि मग ती ओढ आली, आधीपेक्षा कितीतरी खोल, स्वच्छ नळातून, जणू सगळं घर आत श्वास घेऊन उभं राहिलं. काटक्या पेटल्या. आग खाली उतरू लागली. या आगीला आई नव्हती. ती कोणाकडून आली नव्हती, आत्ता जन्मली होती, हवेतून आणि समरच्या लाकडातून, आमच्या डोळ्यांसमोर. आणि तरीही ती जगातल्या पहिल्या आगीसारखीच होती. आपल्याला वाटतं आपण आग राखतो. राखेखालचा तो लालही दर क्षणी नव्या कोळशावर, नव्या हवेवर पेटत असतो. राखायला हवी ती एकच गोष्ट असते, हवेची वाट.

"आईची नाही ही," अंकल म्हणाले. थोडा वेळ ऐकत राहिले. "पण कुरकुर तिच्यासारखीच करते."

आंटी हसल्या आणि मग डोळे पुसले.

त्यानंतर त्या घरात आग रोज पेटली आणि रोज आपली आपण विझली, झडप उघडी असताना, तिचं जळून पुरं झाल्यावर. सकाळी थंड राख. मला वाटलं होतं ती बघून वाईट वाटेल. वाटलं नाही. डोकं हलकं होतं, बाहेर धुकं होतं, आणि आम्ही तिघं उठलेलो होतो.

आता अंकल-आंटी वसईला असतात. जुनं घर पाडून तिथे नवं बांधलंय, स्लॅबचं, सरकत्या खिडक्यांचं. मी काल लिफ्टमधून खाली आल्यावर आंटींना फोन केला. त्या वैतागलेल्या होत्या. अंकलची भाची बाळंतपणाला आलीय, मुलगा झालाय. तिच्या खोलीत शेकासाठी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली होती, बाळाला वारा लागू नये म्हणून दार-खिडकी बंद. अंकल बाळ बघायला आत गेले आणि कोणाला काही न विचारता शेगडी उचलून अंगणात घेऊन आले. सगळं घर त्यांच्यावर रुसलंय. बहीण बोलत नाही. "आणि हा माणूस," आंटी म्हणाल्या, "दारात खुर्ची टाकून बसलाय. म्हणतो, आत नेऊन दाखवा."

म्हणून हे लिहिते आहे. थंडी तुमच्याकडेही पडली असेल. तुमच्या नात्यात, शेजारात, या दिवसांत एखादी बाळंतीण असेलच. आज तिच्या घरी जा. आत गेल्यावर आधी खिडकी उघडा. मग बाजेखाली वाकून बघा. तिथे विस्तव असेल तर माय-लेकरांना मोकळ्या खोलीत न्यायला सांगा, शेगडीच्या कडा जाड फडक्याने धरा, आणि ती उचलून बाहेर उघड्यावर नेऊन ठेवा. शेकायचंच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीवर फडकं गुंडाळून द्या, ती पुरते. घरातली मोठी माणसं रागावतील, आमच्या वेळी असंच होतं म्हणतील. म्हणू द्या. भांडायची वेळ आली तर भांडा, पण शेगडी आत जाऊ देऊ नका. आणि मगच बाळाला मांडीवर घ्या.